तीन समुद्र ओलांडून बीदरला आलेला व्यापारी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भूगोलाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न माझ्या वर्गमित्रांना पडेल. जमाखर्च, नफातोटा, हुंडी आणि विमा हे आमचे विषय. पर्वत, नद्या, वारे आणि माणसे ही खाती आम्ही कला शाखेकडे सोपवून मोकळे झालो आहोत. परंतु व्यापाराचा जन्मच मुळी भूगोलातून होतो. एका मुलखात जे पिकते ते दुसऱ्या मुलखात पिकत नाही, म्हणूनच माल हलतो आणि मालाबरोबर माणूसही हलतो. असा एक माणूस सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी निम्मा आशिया खंड तुडवून आपल्या बीदरला आला, येथे राहिला, येथल्या बाजारात त्याने आपला घोडा विकला आणि जे पाहिले ते लिहून ठेवले. त्याचे नाव अफानासी निकितीन. तो रशियातील त्वेर या गावचा व्यापारी होता.

आमच्या शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात वास्को-द-गामा होता. तो १४९८ साली कालिकतला पोचला. निकितीन त्याच्या पंचवीस वर्षे आधी दख्खनमध्ये होता. निकितीन हा भारतात आलेला पहिला युरोपीय मात्र नव्हे. इटलीचा निकोलो काँटी त्याच्याही आधी विजयनगर पाहून गेला होता. पण कोकणचा किनारा, सह्याद्री, जुन्नर, बीदर, कलबुर्गी आणि आळंद एवढा आपला सारा टापू जमिनीवरून चालून, सामान्य माणसांत मिसळून ज्याने वर्णिला, असा त्या काळातील युरोपीय प्रवासी दुसरा मला आढळला नाही. बीदर जिल्ह्यात जन्मलेल्या मुलाला त्याच्याविषयी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर त्यात नवल नाही.

निकितीनच्या बालपणाची माहिती इतिहासाने ठेवलेली नाही. निकितीन म्हणजे निकिताचा मुलगा, एवढे त्याच्या नावावरूनच कळते. त्याचे त्वेर गाव व्होल्गा नदीच्या काठी आहे. व्होल्गा ही युरोपातील सर्वांत लांब नदी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. ती दक्षिणेकडे वाहत जाऊन कॅस्पियन समुद्राला मिळते. हा समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे आणि त्याची पातळी महासागराच्या पातळीहून खाली आहे. त्वेरच्या व्यापाऱ्यांना ही नदी म्हणजे उतरणीचा राजरस्ताच होता. उत्तरेच्या थंड मुलखातला माल नावेत भरायचा आणि प्रवाहाबरोबर दक्षिणेच्या उष्ण मुलखात न्यायचा, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा.

तो कोणत्या वर्षी निघाला याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पूर्वी १४६६ ते १४७२ हा त्याच्या प्रवासाचा काळ मानीत. पुढील संशोधकांनी १४६८ ते १४७४ किंवा ७५ असा काळ धरला आहे. त्याला हिंदुस्थानात यायचे नव्हते. कॅस्पियनच्या पश्चिम किनाऱ्यावर शिरवान नावाचे राज्य होते, तेथपर्यंत जाऊन माल विकावा आणि परतावे, एवढाच बेत होता. शिरवानचा वकील हसन बेग मॉस्कोच्या दरबारातून परत चालला होता. त्याच्याजवळ राजाला नजर करायचे नव्वद शिकारी ससाणे होते. अशा बड्या माणसाच्या सोबतीने गेल्यास वाटेत धोका कमी, या हिशेबाने त्वेरचे व्यापारी दोन नावा घेऊन त्याच्याबरोबर निघाले.

हिशेब चुकला. व्होल्गेच्या मुखाजवळ अस्त्राखानच्या तातारांनी त्यांना गाठले. रात्री चांदण्यात गुपचूप निसटण्याचा प्रयत्न फसला. ज्या लहान नावेत निकितीनचा माल होता तीच लुटली गेली. मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली, आणि या पुस्तकांची उणीव त्याला पुढे मालापेक्षा अधिक जाचली. पुढे समुद्रात वादळ झाले, एक नाव किनाऱ्यावर आपटून फुटली आणि तिच्यातील माणसांना किनाऱ्यावरच्या टोळीने कैद केले. निकितीनने शिरवानच्या राजाकडे जाऊन त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. माणसे सुटली, पण गावी परतण्यासाठी राजाने काही मदत दिली नाही. मग सारे रडत रडत पांगले. ज्यांचे गावाकडे काही होते ते गावाकडे गेले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते पाय नेतील तिकडे गेले.

येथे आम्हा वाणिज्यवाल्यांना थोडे थांबले पाहिजे. भांडवल बुडालेला व्यापारी रिकाम्या हाताने घरी गेला तर तो सावकाराच्या दारात उभा राहतो. पुढे गेला तर निदान आशा असते. आमच्या भागात दुष्काळाच्या साली मुंबई, पुणे, हैदराबादच्या वाटेला लागलेल्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही. निकितीन पुढे गेला. बाकूला त्याने जमिनीतून अखंड जळत राहणारी आग पाहिली. तेथे तेलाचे आणि वायूचे साठे जमिनीच्या पोटात आहेत हे आपण आज जाणतो. त्याने ते नुसते नोंदवले आणि समुद्र ओलांडून तो इराणात उतरला.

इराणात तो एक-एक गावी महिना-महिना थांबत गेला. कॅस्पियनकाठची सारी आणि आमोल ही हिरवी, ओलसर हवेची गावे. मग साडेपाच हजार मीटरहून उंच असलेला दमावंदचा डोंगर. त्याच्या पलीकडे पाऊस अडल्यामुळे कोरडे पडलेले इराणचे पठार, आणि त्यावर रय, काशान, नाईन, यज्द, लार अशी एकामागून एक व्यापारी गावे. तारोम या गावी खजूर इतका स्वस्त की तो जनावरांना चारतात, असे त्याने आवर्जून लिहिले आहे. थंड देशातल्या माणसाला हे केवढे अपूर्व वाटले असेल! शेवटी तो होर्मुझच्या बेटावर आला. तेथील ऊन माणसाला भाजून काढते आणि समुद्र दिवसातून दोनदा बेटावर चढतो, हे त्याचे निरीक्षण. कॅस्पियनला जाणवण्यासारखी भरती-ओहोटी नाही. नदीकाठी वाढलेल्या या माणसाला खऱ्या महासागराची पहिली ओळख येथे झाली.

होर्मुझमध्ये त्याने व्यापाराची नस ओळखली. हिंदुस्थानात चांगले घोडे निपजत नाहीत, तेथे बैल आणि रेडे निपजतात, त्यांच्यावर माल लादतात, हे त्याला कळले. हे खरेच होते. मध्य आशिया, इराण आणि अरबस्तानात घोडा उत्तम होतो. आपल्या दख्खनमध्ये चार महिने चिखल आणि आठ महिने वाळलेले गवत. येथली हवा बैलाला मानवते, घोड्याला मानवत नाही. त्यामुळे बहमनी सुलतान काय आणि विजयनगरचे राय काय, दोघांच्याही फौजा समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यांवर अवलंबून असत. ज्याच्या हाती बंदरे त्याच्या हाती घोडे, आणि ज्याच्या हाती घोडे त्याचे राज्य. पश्चिम किनाऱ्यासाठी झालेल्या लढायांचे हे एक मोठे कारण आहे. निकितीनने आपली उरलीसुरली सारी पुंजी एका घोड्यात घातली. हा घोडा त्याला शंभर रूबलना पडला.

ईस्टर सणानंतर, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखात, घोडे वाहणाऱ्या गलबतातून तो होर्मुझहून निघाला. पावसाळ्याची वादळे सुरू होण्याआधी कोकण गाठायचे, हा अरबी समुद्रावरील खलाशांचा जुना नेम. मस्कत, मग गुजरातचा किनारा, खंबायत असे करत सहा आठवड्यांनी तो चौलला लागला. आजच्या रायगड जिल्ह्यात रेवदंड्याशेजारी हे गाव आहे. चौलला त्याने पाहिले की लोक कमरेच्या वर उघडे असतात, बायका डोक्यावरून काही घेत नाहीत आणि केसांची एक वेणी घालतात. तो लोकांकडे पाहत होता आणि लोक त्याच्याकडे पाहत होते. गोरा माणूस पाहायला त्याच्यामागे गर्दी चाले.

चौलहून त्याने घाटाची वाट धरली. पाली गावापर्यंत आठ दिवस, पुढे उमरीपर्यंत दहा आणि तेथून जुन्नरपर्यंत सहा दिवस. चोवीस दिवसांत तो कोकणच्या सखल पट्टीतून सह्याद्री चढून दख्खनच्या पठारावर आला. या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. घाटमाथ्यावर उगम पावलेल्या भीमा, गोदावरी अशा नद्या पश्चिमेचा समुद्र जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेच्या समुद्राकडे वाहतात. निकितीनही त्याच दिशेने निघाला होता. पण जुन्नरला पावसाने त्याला दोन महिने अडकवून ठेवले. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत शेतात पेरण्या, हे पाहून तो चकित झाला. त्याच्या देशात जमीन बर्फाखाली निजते तेव्हा शेतकरी स्वस्थ बसतो. येथे ज्या दिवसांत घराबाहेर पडवत नाही त्याच दिवसांत शेतकऱ्याची धांदल. रशियन माणसाने आपल्या पावसाळ्यालाच येथला हिवाळा म्हटले आहे. घोड्यांना हरभरे घालतात आणि तूप-साखर घातलेली खिचडी शिजवून चारतात, हेही त्याने टिपले. खिचडी हा आपला शब्द त्याच्या रशियन वहीत सापडतो, याचे मला फार कौतुक वाटले.

जुन्नर ही शिवजन्मभूमी. महाराजांच्या जन्माच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीचे हे जुन्नर. डोंगरावर वसलेले, वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत, असे त्याचे वर्णन त्याने केले आहे. तेथला अधिकारी असदखान याने निकितीनचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही असे कळल्यावर खानाने अट घातली. धर्म बदललास तर घोडा परत देईन आणि वर एक हजार सोन्याची नाणी देईन, नाही तर घोडाही गेला आणि दंडही भरावा लागेल. मुदत चार दिवसांची. परमुलखात एकटा, जवळ दुसरे काही नाही, आणि सारे भांडवल त्या घोड्यात. मुदत संपत आली त्या सुमारास मुहम्मद नावाचा एक खुरासानी खजिनदार तेथे आला. निकितीनने त्याच्यापाशी गाऱ्हाणे मांडले. त्या भल्या माणसाने खानाकडे जाऊन रदबदली केली, घोडाही सोडवला आणि धर्माची अटही काढून टाकली. अडवणारा मुसलमान होता आणि सोडवणाराही मुसलमान होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

पावसाळा सरताना जुन्नर सोडून महिनाभर चालून तो बीदरला आला. त्याने अंतरे कोवांत दिली आहेत. एक कोव म्हणजे दहा रशियन व्हर्स्ट, आणि एक व्हर्स्ट म्हणजे किलोमीटरहून थोडे जास्त. जुन्नर ते बीदर चाळीस कोव, बीदर ते कलबुर्गी नऊ कोव, बीदर ते आळंद बारा कोव. मी हे आकडे पडताळून पाहिले. जुन्नर ते बीदर सरळ रेषेत ४०० किलोमीटरच्या आसपास आहे, त्याच्या हिशेबाने सव्वाचारशे होते. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २०१७ साली सुरू झाला, तो सुमारे ११० किलोमीटरचा आहे. त्याच्या हिशेबाने पंच्याण्णवच्या वर येते. हाती ना नकाशा, ना यंत्र. वाटसरूंना विचारून आणि चाललेले दिवस मोजून काढलेले हे आकडे आहेत. हिशेबाच्या वहीत इतकी फरकबाकी आली तर आमचे सरही गुण देतील.

तेव्हाचे बीदर हे बहमनी राज्याची राजधानी होते. कलबुर्गीहून राजधानी येथे हलविल्याला चाळीस-पन्नास वर्षे झाली होती. बीदर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच अशा जांभ्या दगडाच्या माळावर आहे. हवा कोरडी आणि निरोगी, खाली मांजरेचे खोरे. तेथून कलबुर्गीकडे उतरले की लाल माती संपते, काळी जमीन आणि तुरीचा मुलूख लागतो, आणि पाणी मांजरेऐवजी भीमेकडे वाहू लागते. एकीकडचे पाणी गोदावरीला मिळते, दुसरीकडचे कृष्णेला. बीदरच्या जांभ्यात खोदलेले भुयारी पाण्याचे कालवे इराणी पद्धतीचे आहेत. निकितीन ज्या कोरड्या इराणी पठारावरून आला होता तेथलीच ही विद्या.

सुलतान मुहम्मदशहा वीस वर्षांचा होता आणि राज्याची सारी सूत्रे महमूद गावान याच्या हाती होती. गावान हाही मूळचा व्यापारीच. तो कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील गिलान प्रांताचा. दाभोळ बंदरात उतरून तो बीदरला आला आणि आपल्या बुद्धीने वजीर झाला. मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, ही त्याची पदवी. व्होल्गा जिथे पडते तो समुद्र एकच. त्याच्या उत्तरेकडून आलेला एक व्यापारी बीदरच्या बाजारात घोड्याला गिऱ्हाईक शोधत होता आणि दक्षिणेकडून आलेला दुसरा व्यापारी त्याच गावात राज्य चालवीत होता. गावानचा मदरसा पुरा झाला तो १४७२ साली, म्हणजे याच सुमारास. आज त्याचा एक मनोरा आणि निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे उरले आहेत. पुढे १४८१ मध्ये शत्रूंनी रचलेल्या खोट्या पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने गावानला ठार करविले आणि दहा वर्षांत राज्याचे तुकडे पडू लागले.

निकितीनने बीदरमध्ये सुलतानाच्या स्वाऱ्या पाहिल्या. पोलादी चिलखते घातलेले, पाठीवर बुरूज असलेले तीनशे हत्ती त्याने मोजले आहेत. राजवाड्याला सात दरवाजे होते. तेथे पहारेकरी असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करणारे लेखनिकही असत. हे लेखनिक हिंदू होते. रात्री कोतवालाची माणसे मशाली घेऊन शहरभर गस्त घालीत. एवढे वैभव पाहूनही त्याची नजर दिपली नाही. खेड्यातील माणसे अंगावर वस्त्र नसलेली, अत्यंत दरिद्री आहेत आणि सरदार मात्र चांदीच्या पालख्यांत मिरवतात, ही गोष्ट त्याने स्पष्ट लिहिली. दरबारी बखरकार जे लिहीत नाहीत ते या परक्या व्यापाऱ्याने लिहिले. त्याला येथे कोणाची मेहेरबानी सांभाळायची नव्हती.

आळंदच्या जत्रेचे त्याचे वर्णन आपल्या भागाला विशेष जवळचे. शेख अलाउद्दीन यांच्या नावाने तेथे वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरे, साऱ्या मुलखातून व्यापारी येत आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येत. हिंदुस्थानातील हा सर्वांत मोठा बाजार, असे त्याचे मत. आळंदच्या लाडले मशायख दर्ग्याचे संत ते हेच, असे मानतात. तेथे रात्री ओरडणारे घुबड घरावर बसले तर त्या घरी माणूस मरतो, ही समजूतही त्याने नोंदवली आहे. घोड्यांचा बाजार गेला, पण घुबडाची समजूत अजून आमच्या आजीकडे शिल्लक आहे.

आता त्याच्या घोड्याचे खाते पाहू. खरेदी शंभर रूबल. एका वर्षाची खावटी अडुसष्ट फनम. नाताळच्या सुमारास बीदरमध्ये घोडा विकला. विक्रीची रक्कम त्याने लिहिलेली नाही. घोडा विकल्यावर परतीचा माल घ्यायचा, तर त्याच्या देशात खपेल असे येथे काही नाही, असे त्याला आढळले. मिरी आणि रंग स्वस्त होते, पण जकात जबर आणि समुद्रावर चाचे फार. ज्यांनी हिंदुस्थानात मालाच्या राशी आहेत असे सांगितले त्यांच्यावर तो चिडला आहे. व्यापारी म्हणून हा प्रवास आतबट्ट्याचा झाला. येथपर्यंतच त्याने वही लिहिली असती तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते.

पण बीदरमध्ये तो माणसांत रमला. मुसलमानी मुलखातून प्रवास सोपा व्हावा म्हणून त्याने खोजा युसूफ खुरासानी असे नाव घेतले होते. बीदरच्या हिंदू शेजाऱ्यांशी ओळख वाढल्यावर त्याने आपण ख्रिस्ती आहोत आणि आपले नाव अफानासी आहे, हे त्यांना सांगून टाकले. तेव्हापासून त्यांनी आपले जेवण, व्यापार, पूजा, घरातील बायकामाणसे काहीच त्याच्यापासून लपविले नाही. मग त्याने विचारून विचारून लिहिले. येथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत. एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर जेवत नाही. गाईचे मांस कोणी खात नाहीत. दिवसातून दोनदा, उजव्या हाताने जेवतात. रविवारी आणि सोमवारी एकदाच जेवतात. जेवणाआधी हातपाय धुतात आणि चूळ भरतात. मृताला जाळून राख पाण्यात सोडतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या घरांत डोकावून पाहिल्यासारखे हे वाटते. आणि एका पंगतीला न बसण्याची जी गोष्ट परक्याला पहिल्या भेटीत दिसली, ती आपल्यातून जायला अजून किती काळ लागणार, हा प्रश्नही मनात येतो.

या शेजाऱ्यांबरोबर तो शिवरात्रीला पर्वताच्या यात्रेला गेला. पर्वत म्हणजे आंध्रातील श्रीशैल, मल्लिकार्जुनाचे ज्योतिर्लिंग. बीदर आणि कलबुर्गी भागातून आजही कन्नड आणि मराठी भाविक पायी तेथे जातात. निकितीनला महिना लागला. दगडात कोरलेल्या देवांच्या कथा, सोन्याने मढवलेला काळ्या दगडाचा भव्य नंदी, त्याच्या पायाशी फुलांच्या राशी, हे सारे त्याने भक्तीची टर न उडवता सांगितले. ख्रिस्त्यांना जेरुसलेम आणि मुसलमानांना मक्का, तसे यांना हे स्थान, अशी त्याने तुलना केली. परक्याच्या देवाला इतक्या मानाने समजून घेणारे प्रवासी त्या काळात थोडे होते.

या सगळ्यात तो आतून सुखी नव्हता. धर्मपुस्तके लुटली गेल्यामुळे त्याचे पंचांग हरवले होते. ईस्टर कधी, उपास कधी, हे कळेना. तो अंदाजाने सण पाळी. ईस्टरच्या रात्री त्याने आकाश पाहिले आणि कृत्तिका व मृग पहाटेच्या उजेडात कसे शिरले, सप्तर्षी कसे उभे आहेत, हे लिहून ठेवले. जमीन, झाडे, माणसे सारी परकी. ओळखीच्या खुणा तेवढ्या आकाशात उरल्या होत्या. मुसलमानांबरोबर त्याने रोजेही केले, आणि आपला धर्म सुटत तर नाही ना, म्हणून तो वहीत कळवळला आहे.

त्याच्या वहीतील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. वाटेत त्याच्या जिभेवर तुर्की, फारसी, अरबी शब्द बसले होते. वही रशियनमध्ये असली तरी मधूनमधून तो या मिश्र भाषेत शिरतो. एके ठिकाणी त्याने पाहिलेल्या देशांची तुलना केली आहे, आणि शेवटी आपल्या मायदेशाचे देवाने रक्षण करावे, तेथले सरदार न्यायी नसले तरी त्याच्यासारखा देश जगात नाही, अशी प्रार्थना केली आहे. ही प्रार्थना त्याने रशियन भाषेत लिहिली नाही, तुर्कीत लिहिली. सरदारांबद्दलचे बोल इतरांना कळू नयेत म्हणून असेल, किंवा इतकी वर्षे त्या भाषेत बोलून तीच ओठावर आली असेल. पण मायभूमीची आठवण परभाषेत आली म्हणून ती उणी झाली नाही.

हे मी का लिहितो ते सांगतो. माझे गाव भालकी तालुक्यात आहे. घरात मराठी, शाळा मराठी, बाजारात कन्नड, आणि आता वर्गातील निम्मे मित्र कन्नडच बोलतात. शेजारच्या उमरग्यात गेलो की मला कर्नाटकातला म्हणतात, बेंगळुरूला गेलो की महाराष्ट्रातला समजतात. तू नक्की कोणाचा, हा प्रश्न सीमेवरच्या प्रत्येक मुलाला केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो. मीही त्यावर पुष्कळ विचार केला आहे. निकितीनची वही वाचल्यावर मला वाटू लागले की प्रश्नच जरा अपुरा आहे. मला मांजरेचे पाणी आणि बीदरचा जांभा जितका आपला वाटतो, तितके ते माझ्या कन्नड मित्रालाही वाटतात. या अंकात त्याचा लेख कन्नड विभागात आहे आणि माझा मराठी विभागात आहे. मुलूख एकच आहे.

निकितीनची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कलबुर्गी, हिऱ्यांसाठी प्रसिद्ध रायचूर असा फिरत तो दाभोळ बंदराला पोचला आणि दोन सोन्याची नाणी भाडे देऊन होर्मुझच्या गलबतात बसला. वारा फिरला. महिनाभर भरकटत गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तेथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी देऊन त्यांनी लूट टाळली. मग मस्कत, होर्मुझ, शिराज, इस्फहान, तबरीझ असे करत तो काळ्या समुद्रावरील त्राबझोनला आला. तेथे तो हेर असावा अशा संशयाने त्याची झडती झाली आणि उरलेले किडूकमिडूकही गेले. कॅस्पियन, हिंदी आणि काळा असे तीन समुद्र ओलांडून तो क्रिमियातील काफा बंदरात उतरला. घर आता जवळ आले होते. परंतु स्मोलेन्स्क शहराला पोचण्याआधीच वाटेत त्याला मरण आले.

त्याच्या हातची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोचवली. तेथील राजाचा कारभारी मामिरेव याच्या हाती ती पडली आणि १४७५ च्या बखरीत तिची नोंद झाली. मग ती मठांच्या कपाटांत पडून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन याला ती सापडली तेव्हा जगाला निकितीनची ओळख झाली. १८५७ साली तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्वेरला व्होल्गेच्या काठी १९५५ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. १९५७ मध्ये भारत आणि सोव्हिएत रशिया यांनी मिळून त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. त्यात नर्गिस होती, आणि महमूद गावानची भूमिका पृथ्वीराज कपूर यांनी केली होती. जेथे तो प्रथम उतरला त्या चौलजवळ रेवदंड्याला त्याचा स्मारकस्तंभ आहे.

ज्या गावात त्याने सर्वांत अधिक माणसे जोडली त्या आपल्या बीदरला मात्र त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. किल्ला आणि मदरसा पाहायला येणाऱ्यांना आपण सुलतानांची नावे सांगतो. त्यांच्याबरोबर या दरिद्री व्यापाऱ्याचेही नाव सांगावे, अशी माझी विनंती आहे. त्याने आपल्या मुलखाचे अंतर मोजले, पाऊस मोजला, बाजार मोजला, आणि श्रीमंतांच्या पालख्यांबरोबर गरिबांची उघडी अंगेही नोंदली. मालाच्या खात्यात त्याला तोटा आला. वहीच्या खात्यातील शिल्लक मात्र आज आपल्या नावावर जमा आहे. ती राखणे आपले, मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांच्या वाचकांचे काम आहे.